काशीबाईचे नाव उरले, शास्त्र्याचे कोठे गेले?

रानजाई (धागाकर्ती)

जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवरील टिपणांना उत्तर म्हणून आपले मत इंग्रजीत लिहून दिले. त्यात पुण्यातील एक हकीकत येते. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून काम करीत असे. गावातील एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे सगळे प्रयत्न फसले आणि मुलगा जन्माला आला. तेव्हा जातीत आपली अब्रू राहणार नाही या भीतीने तिने त्या मुलाला सुरीने मारले व घरामागच्या विहिरीत टाकले. प्रेत सापडले, पोलिसांना संशय आला, पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

हा मजकूर मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडखळते. स्वयंपाकिणीचे नाव त्यात आहे, घरमालकाचे नाव आहे, हुद्दाही आहे. शास्त्री मात्र केवळ शास्त्रीच आहे. फुल्यांनी त्याला सौम्य शब्दांत सोडलेले नाही; तो धूर्त होता, प्रतिष्ठित घराण्यातला होता, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. परंतु कोर्टाला त्याची गरज पडली नाही, पोलिसांना पडली नाही आणि ज्या जातीच्या भीतीने हे सगळे घडले त्या जातीलाही पडल्याचे दिसत नाही.

खटला संपताच फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या राहत्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर त्याच्या छापील जाहिराती लावल्या. स्थापनेपासून १८८४ पर्यंत तेथे ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या, असे फुले लिहितात. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली आणि ३० दगावली, कारण दिवस लपविण्यासाठी आयांनी घेतलेल्या जहरी औषधांनी ती पोटातच दुखावलेली होती. पुण्यासारख्या एका शहरात, ज्यांना दार उघडे असल्याचे कळले आणि ते ठोठावण्याचे धैर्य झाले, अशा या ३५ जणी होत्या; बाकीच्या किती असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. त्या ३५ मुलांचे बाप शहरातच कोठे तरी राहत असणार, पूजा सांगत असणार, कचेरीत जात असणार, लग्नकार्यांत पुढच्या पंगतीला बसत असणार. जगलेल्या मुलांपैकी एकाला, यशवंतला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. त्याची आईही काशीबाई नावाचीच दुसरी एक ब्राह्मण विधवा होती.

याच सुमारास प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात, लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, १८७५ साली बालकाश्रम सुरू केला. पंढरपूरच का, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. यात्रेच्या निमित्ताने विधवेला घराबाहेर काढता येत असे आणि परत येताना ती एकटी आली तर कोणी काही विचारत नसे.

दुसरे प्रकरण सुरतेचे, १८८१ सालचे. विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अनौरस अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि पुढे पाच वर्षांवर. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या बदफैलीपणावर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या आणि किंमत नऊ आणे होती. पुणेवैभव पत्रावर त्यांचा विशेष रोख आहे. स्त्रिया निर्दोष असतात असा त्यांचा दावा नाही. जे दुर्गुण तुम्ही आमच्या पदरी बांधता ते तुमच्यात आमच्याहून अधिक असताना न्यायाधीशाच्या जागी तुम्हीच कसे बसलात, हा त्यांचा प्रश्न आहे. बायको मेली की नवऱ्याने लगेच दुसरी करावी आणि नवरा मेला की बाईने अंधाऱ्या खोलीत बसावे, हा नियम कोणत्या देवाने घालून दिला, असेही त्या विचारतात. फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी काहीही प्रसिद्ध केले नाही, आणि निबंधही विस्मरणात गेला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला.

या दोन प्रकरणांवरून मला जे दिसते ते असे. लैंगिक वर्तनाचा न्याय करताना समाज कृत्य किती वाईट आहे हे पाहत नाही. त्या कृत्याने कोणाचा हक्क दुखावला आणि हात कोणापर्यंत सहज पोहोचतो, एवढेच तो पाहतो. काशीबाई हाताशी होती, कारण पुरावा तिच्या अंगावर वाढत होता. शास्त्र्याने दुखावलेला कोणी पुरुषच नव्हता. तिचा नवरा मेलेला होता. यावर आपली मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

घाटमाथा

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु निष्कर्ष मला घाईचा वाटतो. काशीबाईला शिक्षा झाली ती संबंधाबद्दल नव्हे, खुनाबद्दल. जिवंत अर्भकाचा गळा कापणाऱ्याला, मग ती स्त्री असो वा पुरुष, कोणतेही न्यायालय सोडणार नाही. शास्त्र्याने मूल मारले नाही, म्हणून खुनाच्या खटल्यात तो नाही. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करीत आहात.

दुसरे असे की, पितृत्व सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. गर्भ दिसतो, बाप दिसत नाही. यात ढोंगापेक्षा पुराव्याची मर्यादा अधिक आहे. ज्याच्याविरुद्ध पुरावा नाही त्याला समाजाने केवळ संशयावरून दोषी धरावे अशी आपली अपेक्षा असेल, तर तो मार्ग आणखी वाईट ठरेल. वारस कोणाचा हे निश्चित असावे अशी गरज प्रत्येक शेतकरी समाजाला असते आणि स्त्रीवरील कडक बंधने त्या गरजेतून आली. ती अन्यायकारक असतील, पण त्यांना दुटप्पीपणा म्हणणे हे अर्धेच वर्णन झाले. शिवाय सक्तीचे वैधव्य ही सर्व समाजाची रीत नव्हती. ज्या जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे पुन्हा लग्न करण्याची, चाल होती, त्यांच्याबद्दल हे विधान लागू होत नाही.

जुना_दप्तरी

घाटमाथा यांचा पाटाविषयीचा मुद्दा रास्त आहे, आणि फुल्यांनी जाहिराती ब्राह्मणवस्तीतच का लावल्या याचे उत्तरही त्यात आहे. पुराव्याच्या मर्यादेचा मुद्दा मात्र मला मान्य होण्यासारखा नाही, कारण मनात आले की पुण्याचा ब्राह्मणसमाज पुरावा किती कसोशीने गोळा करीत असे, याची नोंद आपल्यापुढे आहे.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाद्र्यांनी पाहुण्यांपुढे चहाबिस्किटे ठेवली. उपस्थितांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते आणि गोपाळराव जोशीही होते. गोपाळरावांनी हजर राहणाऱ्यांची नावे छापून आणण्याची व्यवस्था केली आणि ती छापली पुणेवैभवाने, म्हणजे ताराबाईंनी ज्याच्यावर लेखणी उगारली होती त्याच पत्राने. परधर्मीयांच्या हातचे घेतल्याचे हे प्रकरण पुढे शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांनी चौकशीसाठी दोन शास्त्री नेमले, साक्षी झाल्या, कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला तोंडाशी नेला, याचा खल झाला आणि प्रायश्चित्ते ठरली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे स्नेह्यांचा त्रास वाचावा म्हणून प्रायश्चित्त घेतले.

चहा पोटात गेल्यावर त्याचा कोणताही पुरावा उरत नाही, तरीही त्याची चौकशी झाली. म्हणजे यंत्रणा होती, ग्रामण्याची, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची, धमकी होती, साक्षीदार बोलावण्याची पद्धत होती. स्वयंपाकिणीला दिवस गेल्यावर घराघरांत कोणाचे नाव कुजबुजले जात होते हे त्या आळीला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या शास्त्र्यावर ग्रामण्य झाल्याचे फुले कोठेही लिहीत नाहीत, आणि झाले असते तर त्यांनी ते सोडले नसते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे आहे. विधवाविवाह १८५६ पासून कायद्याने मान्य होता. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाई या विधवेशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, उघडपणे लग्न केले. त्यानंतर मुरुड या त्यांच्या गावी गावकऱ्यांनी ठराव केला की कर्वे ज्या बैठकीत येतील ती मोडावी, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्या घरावरही बहिष्कार पडेल. त्यांनी कोणाला फसविले नव्हते, कोणाला टाकले नव्हते. विधवेशी संबंध ठेवून नामानिराळे राहण्याऐवजी तिला पत्नी म्हणून घरी आणले, एवढाच त्यांचा अपराध. गुप्त संबंध ठेवणारा सुरक्षित राहतो आणि उघड लग्न करणारा वाळीत पडतो, तेव्हा त्या समाजाला वारसाची काळजी होती असे म्हणता येईल का? कर्व्यांच्या घरी वारस कोणाचा याबद्दल कोणतीही शंका नव्हती.

जाता जाता त्यांच्या चिरंजीवांचाही उल्लेख करतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. व्यभिचाराच्या प्रश्नावर सरळ शास्त्रीय भाषेत लिहिल्याबद्दल १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल पुन्हा खटला झाला आणि त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तोही ते हरले.

तळ्यात_मळ्यात

आज चहाच्या जागी काय आले आहे, एवढेच सांगायचे आहे. आमच्या नात्यात स्थळांची चौकशी मीच करते. मुलीबद्दल विचारणा होते ती तिचे कॉलेजात कोणाशी जमले होते का, ती मुंबईला एकटी राहत होती तेव्हा खोलीवर कोण येत असे, अशी. मुलाबद्दल विचारतात की तो निर्व्यसनी आहे ना. त्याच्या वडिलांनी खात्यात राहून तीन फ्लॅट कशातून घेतले हे कोणी विचारत नाही. उलट तीन फ्लॅट आहेत हे मध्यस्थ स्वतःहून सांगतो. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, पण तो मागणारा माणूस आमच्याकडे ‘घरंदाज’ राहतो, आणि एकदा मोडलेले प्रेम असलेली मुलगी ‘प्रकरण असलेली’ होते. फसवणूक, लाच, आईबापांना वाऱ्यावर सोडणे, यांपैकी कशानेही माणसाच्या चारित्र्याला धक्का लागत नाही, आणि त्यातही लैंगिक बाबतीत हे चारित्र्य प्रामुख्याने मुलीकडेच तपासले जाते.

न्यायपेठ

मी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या अंगाने थोडे विस्ताराने लिहितो. धागाकर्तीने शेवटी जे म्हटले आहे, की शास्त्र्याने दुखावलेला पुरुषच नव्हता, ते कायद्याच्या दृष्टीने शब्दशः खरे आहे. भारतीय दंड संहितेच्या ४९७ व्या कलमानुसार व्यभिचार हा गुन्हा दुसऱ्याच्या पत्नीशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून किंवा मूक मान्यतेवाचून, संबंध ठेवल्यास होत असे. विधवेला नवरा नाही, म्हणून तक्रार करणारा कोणी नाही, म्हणून गुन्हाच नाही. याउलट गर्भपाताच्या ३१२ व्या कलमात स्वतः गर्भ पाडणारी स्त्रीही आरोपी होते, हे मुद्दाम स्पष्टीकरण देऊन सांगितले होते, आणि अपत्यजन्म लपविणे हा ३१८ व्या कलमाखाली आणखी वेगळा गुन्हा होता. काशीबाईने मूल मारले नसते, केवळ औषध घेतले असते, तरीही ती गुन्हेगारच ठरली असती. घाटमाथा यांनी खुनाचा मुद्दा काढला, पण खुनापर्यंत पोहोचण्याआधीच्या प्रत्येक पायरीवर कायद्याने तिच्यासाठी एकेक कलम ठेवले होते आणि त्याच्यासाठी एकही नाही.

अनौरस मुलाच्या पोटगीची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत जुन्या काळापासून होती, हे खरे. १८९८ च्या संहितेत ती ४८८ व्या कलमात आहे. पण त्यासाठी मूल जगायला हवे, आणि आईने भर कचेरीत उभे राहून बापाचे नाव घ्यायला हवे. जिला गावात तोंड दाखवायचे नाही म्हणून ती विहिरीपर्यंत गेली, तिला ही वाट कशी परवडणार?

मालमत्तेच्या बाबतीत तर विचित्र स्थिती होती. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार, पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क ती जणू त्याच क्षणी मेली असे समजून संपत असे. पुढे आसामातून आलेल्या मणिराम कलिता विरुद्ध केरी कलितानी या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८८० मध्ये ठरविले की एकदा वारसाहक्काने मिळकत हाती आल्यावर विधवेचे वर्तन बिघडले म्हणून ती काढून घेता येणार नाही. हा निर्णय विधवांच्या बाजूचा होता आणि तो योग्यच होता. परंतु दोन्ही नियम शेजारी ठेवा. कायदेशीर लग्न केले तर जमीन जाते, चोरून संबंध ठेवला तर जात नाही. कायद्याने विधवेला सरळ मार्गाने जाण्याचा दंड आणि आडमार्गाने जाण्याची मुभा दिली, आणि मग त्याच आडमार्गाबद्दल वर्तमानपत्रांनी तिला शिव्या दिल्या.

शेवटचा मुद्दा पुरावा कायद्याचा, आणि तो मला सर्वांत बोचतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या ५४ व्या कलमानुसार फौजदारी खटल्यात आरोपीचे वाईट चारित्र्य गैरलागू असे. त्याने स्वतःहून आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला तरच ते काढता येत असे. नियम उत्तम होता. पण त्याच अधिनियमाच्या १५५ व्या कलमाचा चौथा खंड सांगत होता की बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनीतिमान आहे असे दाखवून तिची विश्वासार्हता खोडता येईल. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याचा भूतकाळ झाकलेला आणि जिच्यावर अत्याचार झाला तिचा उघडा, हे एकाच पुस्तकात, काही पानांच्या अंतरावर. हा खंड २००२ च्या दुरुस्तीने निघाला. १३० वर्षे तो वकिलांच्या हाती होता आणि त्यांनी तो वापरला.

तो विचार प्रत्यक्षात कसा चालत असे, याचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. मुलीला संबंधांची सवय होती, हे त्यामागचे एक कारण होते. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, ती १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण अंगावर जखमा नव्हत्या आणि प्रतिकाराची खूण नव्हती. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रियांची आंदोलने झाली, १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस ठाण्यात रात्री कर्तव्यावर असलेल्या त्या पोलिसांना कशाकशाची सवय होती, याची चौकशी मात्र कोणत्याही टप्प्यावर झाली नाही.

घाटमाथा

चहाचा दाखला मान्य करावाच लागेल. पुराव्याविषयीचे माझे म्हणणे मी तेवढ्यापुरते मागे घेतो. परंतु ४९७ व्या कलमाबद्दल आपण सर्वजण एक बाब सोयीस्करपणे टाळत आहात. त्या कलमाखाली शिक्षा केवळ पुरुषाला होत असे. स्त्री तितकीच सहभागी असली तरी तिला साहाय्यक म्हणूनही शिक्षा करता येणार नाही, असे कलमातच लिहिले होते. हा दुटप्पीपणा पुरुषाच्या विरुद्ध नव्हता काय?

रानजाई

घाटमाथा, प्रश्न महत्त्वाचा आहे आणि न्यायालयांपुढेही तो याच स्वरूपात गेला होता. मुंबई राज्याविरुद्ध युसुफ अब्दुल अझीझ यांनी हाच युक्तिवाद केला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९८५ मध्ये सौमित्री विष्णू यांच्या याचिकेवर निकाल देताना सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मोहात पाडणारा पुरुष असतो, स्त्री नव्हे, हे सर्वमान्य आहे अशा आशयाचे कारण दिले आणि कलम कायम ठेवले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्द केले, आणि त्या पीठावर त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

स्त्रीला शिक्षा नव्हती, कारण कलमाच्या दृष्टीने ती गुन्ह्यातली व्यक्तीच नव्हती. नवऱ्याने संमती दिली तर गुन्हा उरत नाही, याचा दुसरा अर्थ कसा लावणार? शेताच्या धन्याने वाट दिली तर जाणारा चोर ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार. आणि नवरा परस्त्रीकडे गेला तर पत्नीला या कलमाखाली फिर्याद करण्याचा अधिकारच नव्हता. त्याची ती परस्त्री अविवाहित किंवा विधवा असेल, तर त्याने काही गुन्हा केलाच नाही. तुरुंगात पुरुष जात असे हे खरे, पण तो दुसऱ्या पुरुषाचे नुकसान केल्याबद्दल जात असे.

शिवाय दंड संहितेच्या मॅकॉलेने केलेल्या १८३७ च्या मसुद्यात व्यभिचार हा गुन्हा नव्हता. या देशात बायका लहानपणी लग्न करून दिल्या जातात, तरुणपणीच सवतीसाठी बाजूला पडतात, नवऱ्याला हव्या तितक्या बायका करता येतात, अशा स्थितीत बाईच्या एकनिष्ठेसाठी तुरुंग वापरणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही, असा त्याचा विचार होता. मॅकॉलेबद्दल चांगले बोलण्याची वेळ माझ्यावर क्वचित येते. नंतरच्या आयोगाने गुन्हा घातला, आणि स्त्रीला शिक्षेतून वगळताना कारण मात्र मॅकॉलेचेच वापरले.

वरळीकर

चर्चा स्त्री आणि पुरुष यांच्यापुरती राहिली आहे. दोन मापे पैशावरूनही ठरतात, आणि याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात लिहूनच ठेवले होते.

२००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस अधिनियमात ‘३३ अ’ हे कलम आले आणि डान्स बार बंद झाले. नृत्य अश्लील आहे, तरुण पिढी बिघडते, संसार उद्ध्वस्त होतात, ही कारणे दिली गेली. त्याच्या पाठोपाठ ‘३३ ब’ होते. त्यात नाट्यगृहे, सभासदांचे जिमखाने आणि तीन तारांकित किंवा त्याहून वरच्या दर्जाची हॉटेले यांना सूट होती. तेच गाणे, तेच नृत्य, कदाचित तीच नर्तकी. पनवेलच्या बारमध्ये ती समाज बिघडवीत होती आणि जुहूच्या हॉटेलात पर्यटनाला चालना देत होती. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम ठेवला. वरच्या वर्गाला जे नृत्य पाहून काही होत नाही, तेच पाहून खालच्या वर्गाची नीती ढासळते, हे गृहीत न्यायालयाला पटले नाही. बंदीमुळे अनेक स्त्रियांना देहविक्रय पत्करावा लागला, हेही निकालात नमूद आहे.

विधिमंडळाने यातून काय बोध घेतला? २०१४ मध्ये सूट काढून टाकली आणि तारांकित हॉटेलांनाही बंदी घातली, म्हणजे भेदभावाचा आक्षेप उरू नये. ती २०१५ मध्ये स्थगित झाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला, त्याच्या अटींपैकी सीसीटीव्हीची आणि धार्मिक स्थळे व शाळांपासून एक किलोमीटर अंतराची अट १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने काढली; नोटा उधळण्यावरची बंदी राहिली.

खटल्यात न्यायालयांपुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या केंद्राने सहभागी होऊन केलेली नर्तकींची पाहणी आली होती आणि सरकारने रंगविलेल्या बळजबरीच्या चित्राला तिच्यातून आधार मिळाला नाही. जुना_दप्तरी यांनी मुरुडच्या बहिष्काराबद्दल लिहिले आहे, म्हणून आठवण देतो की हे विद्यापीठ १९१६ साली त्याच कर्व्यांनी स्थापन केले होते.

या सगळ्या वर्षांत नोटा उधळणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल चर्चा किती झाली, हे ज्यांनी तेव्हाच्या बातम्या पाहिल्या आहेत त्यांनी आठवावे. छापा पडला की पडद्यावर ओढणीने तोंड झाकलेल्या मुलींची रांग दिसे. गिऱ्हाईक मागच्या दाराने गेलेले असे, किंवा त्याचा चेहरा दाखविण्याजोगा नसे.

जुना_दप्तरी

वरळीकर यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. जातपंचायतींच्या दंडाचा हिशेबही असाच एकतर्फी असतो. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री वधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या प्रथेविरुद्ध त्याच समाजातील तरुण २०१८ च्या सुमारास पुण्यातून उभे राहिले आणि त्यांना मारहाण सोसावी लागली. वराची परीक्षा घेण्याची कल्पनाही त्या प्रथेत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला कायदा २०१६ चा आहे आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. मुरुडचा ठराव १८९३ चा होता.

न्यायपेठ

घाटमाथा यांनी मला व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे की ४९७ रद्द झाल्यावर आता हा विषय कायद्यापुरता संपला का. उत्तर येथेच देतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. विधेयकाचा विचार करणाऱ्या संसदीय समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये शिफारस केली होती की व्यभिचाराचा गुन्हा स्त्रीपुरुषांना सारखाच लागू करून परत आणावा. सरकारने ती स्वीकारली नाही, त्यामुळे ४९७ चा वारस नव्या संहितेत नाही. परंतु त्याच्या शेजारचे ४९८ वे कलम रद्द झाले नव्हते. ते ८४ वे कलम म्हणून नव्या संहितेत आले आहे. दुसऱ्या पुरुषाच्या पत्नीला अवैध संबंधाच्या हेतूने फूस लावून नेणे, लपविणे किंवा अडकवून ठेवणे यासाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फूस लावून नेलेल्या पतीबद्दल पत्नीला फिर्याद करता येईल असे कलम त्या संहितेत मला सापडले नाही. पोटगीच्या तरतुदीतही, पत्नी व्यभिचारी जीवन जगत असेल तर तिला पोटगी मिळणार नाही, हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाचा चौथा खंड तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात तसाच आहे. गेल्या महिन्यात माझ्यासमोरच्या वकिलाने तो वाचून दाखविला; ज्या पतीच्या वतीने तो बोलत होता तो दुसऱ्या बाईबरोबर वेगळे घर करून राहतो, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. पुढची तारीख पडली आहे.